तीन मोसमांत वाढलेला प्रशिक्षक : बड ग्रँट

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बड ग्रँट हे नाव लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. कॅनडात, विनिपेगच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा आहे. मराठी वाचकाची मात्र त्याच्याशी बहुधा ही पहिलीच भेट असेल, म्हणून ही प्रस्तावना जरा ऐसपैस झाली आहे.

ग्रँट हा फुटबॉलचा प्रशिक्षक. हा फुटबॉल म्हणजे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांच्यात रंगतो तो नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लंबगोल असतो. तो काखेत धरून पळायचं किंवा हाताने फेकायचं. पायाचं काम त्यात थोडंच. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू पोचला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो आणि पुढची चाल ठरवायला थोडे सेकंद मिळतात. या थोड्या सेकंदांमुळेच या खेळात प्रशिक्षकाला इतकं वजन आलं. तो मैदानाच्या कडेला उभा असतो, पण दर चालीत त्याचा हात असतो. ग्रँट अशा कडेवर २८ मोसम उभा राहिला : दहा विनिपेगमध्ये आणि अठरा मिनेसोटात.

त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं आहे त्यातलं बरंचसं या २८ मोसमांबद्दल आहे, आणि त्यातलंही बरंच चार पराभवांबद्दल. मला वाचकाचं लक्ष त्याआधीच्या काळाकडे वळवायचं आहे. प्रशिक्षक होण्यापूर्वी हा माणूस तीन खेळ खेळत होता, आणि तिन्ही मनापासून खेळत होता. त्याच्या प्रशिक्षणातली जी वैशिष्ट्यं लोकांना गूढ वाटली, त्याचा थंडपणा, न ओरडणं, खेळाडूंना वेळेवर घरी सोडणं, त्यांची मुळं तिथे सापडतात. एकाच खेळावर आयुष्य ओवाळून टाकलेल्याला त्या खेळाबाहेरचं जग दिसेनासं होण्याचा धोका असतो. तीन खेळ खेळलेल्याला प्रत्येक खेळाचं आयुष्यातलं प्रमाण कळतं. ग्रँटच्या सगळ्या कारकिर्दीत मला ही प्रमाणाची जाण दिसते. तिने त्याला काय दिलं आणि त्याच्याकडून काय घेतलं, हा या चरित्राचा खरा विषय आहे असं मी मानतो.

त्याचं पूर्ण नाव हॅरी पीटर ग्रँट, आणि ते वडिलांचंही नाव. घरात दोन हॅरी नकोत म्हणून की काय, आई त्याला लाडाने जी हाक मारायची तिचा पुढे 'बड' झाला. जन्म २० मे १९२७, विस्कॉन्सिन राज्यातल्या सुपीरियर गावी. हे गाव त्याच नावाच्या विशाल सरोवराच्या पश्चिम टोकाला आहे, समोर मिनेसोटातलं डुलूथ. लोहखनिज भरणारी जहाजं, धक्के, आणि वर्षातले कितीतरी महिने बर्फ. वडील अग्निशमन दलात होते. लहानपणी बडला पोलिओ झाला आणि एक पाय कमजोर राहिला. हा १९३० च्या दशकातला अमेरिकेचा काळ. लस यायला अजून वीस वर्षं होती. डॉक्टरांनी सांगितलं, मुलाला खेळू द्या, खेळून पायात बळ येईल. सुरुवात बेसबॉलने झाली, मग बास्केटबॉल, मग फुटबॉल. म्हणजे या माणसाच्या आयुष्यात खेळ आला तो औषध म्हणून. पदकाची, शिष्यवृत्तीची गोष्ट फार नंतरची.

धाकट्या वर्गांत असताना शाळेत फुटबॉलचा संघच नव्हता, तेव्हा या पोराने आसपासच्या शाळांतल्या मुलांशी स्वतःच सामने ठरवले. त्याच्यातला प्रशिक्षक कुठे सुरू झाला असं कुणी विचारलं तर मी या प्रसंगाकडे बोट दाखवीन. खेळणारे सगळेच असतात. सामना जमवून आणणारा एखादाच.

अमेरिकन हायस्कूलची खेळाची घडी इथे समजून घ्यायला हवी. तिकडे शाळेतले खेळ ऋतूंत वाटलेले आहेत. शरदात फुटबॉल, हिवाळ्यात बंदिस्त सभागृहात बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल किंवा धावण्याच्या शर्यती. एका मोसमाचा संघ मोडला की दुसऱ्याचा उभा राहतो. लहान गावातल्या शाळेत मुलं मोजकी, त्यामुळे चपळ मुलगा तिन्ही संघांत लागतोच. संघात पुरेसा खेळलेल्याला शाळेकडून 'लेटर' मिळतं, म्हणजे शाळेच्या नावाचं कापडी आद्याक्षर. ते लोकरी जाकिटावर शिवायचं आणि गावभर मिरवायचं. तीन खेळांत लेटर मिळवलेला मुलगा हा गावाचा मानकरी असतो. सुपीरियरच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये ग्रँट असा मुलगा होता.

या पद्धतीचा फायदा निव्वळ शरीराला होत नाही. शरदात जो मुलगा संघाचा आधार असतो तोच हिवाळ्यात कदाचित राखीव असतो. एका खेळात तो नेतृत्व करतो, दुसऱ्यात दुसऱ्याचं ऐकतो. वर्षातून तीनदा नवे सोबती, नवा प्रशिक्षक, नवी भाषा. हरल्याचं दुःखही फार काळ टिकत नाही, कारण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खेळाचा सराव सुरू झालेला असतो. ग्रँटची पराभव पचवण्याची जी ताकद पुढे जगाने पाहिली, ती या वेळापत्रकात तयार झाली असं मला वाटतं.

आज खुद्द अमेरिकेतही ही घडी विस्कटते आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एकाच खेळाच्या खासगी क्लबात घालायचं आणि बारा महिने तेच करायचं, ही रीत तिथे पसरली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीला २०१६ मध्ये लेखी सांगावं लागलं की एकाच खेळाची निवड पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवा. लवकर निवड केल्याने अतिवापराच्या दुखापती आणि मनाचा कंटाळा, दोन्ही वाढतात. आपल्याकडे क्रिकेट अकादमीच्या दारात किट सांभाळत उभ्या असलेल्या चिमुरड्यांना पाहताना मला हे वाक्य आठवतं. त्यांच्यातल्या किती जणांनी कधी खो-खोचा खांब मारला असेल, कबड्डीत दम धरला असेल? हा प्रश्न मी कळकळीने विचारतो आहे. ग्रँटचं चरित्र मराठीत वाचलं जावं असं वाटण्याचं माझं एक कारण हेही आहे.

ग्रँटच्या शाळेच्या वर्षांतला एक प्रसंग नोंदवायला हवा. ११ नोव्हेंबर १९४०. मध्य-पश्चिम अमेरिकेत त्या दिवशी सकाळी हवा उबदार होती, सुट्टी होती, आणि बदकांच्या शिकारीला हजारो माणसं साध्या कपड्यांत बाहेर पडली. दुपारपर्यंत वारा फिरला, पारा कोसळला आणि हिमवादळ आलं. त्यात दीडशेच्या आसपास माणसं मेली. मिसिसिपीच्या पाणथळीत अडकलेले कितीतरी शिकारी गोठून गेले. तेरा वर्षांचा ग्रँट त्या दिवशी शिकारीला गेला होता आणि वाचला. थंडीशी पुढे आयुष्यभर तो जसा वागला, तिला घाबरायचं नाही आणि तिची थट्टाही करायची नाही, त्यामागे हा दिवस असावा.

१९४५ मध्ये शाळा संपवून तो नौदलात गेला. महायुद्ध शेवटाला आलं होतं आणि त्याची नेमणूक झाली इलिनॉयमधल्या ग्रेट लेक्स प्रशिक्षण केंद्रात. तिथल्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता पॉल ब्राउन. हा माणूस पुढे क्लीव्हलंड ब्राउन्स संघाचा जनक झाला. संघाचं नावही त्याच्यावरूनच पडलं. ब्राउनने फुटबॉलला वर्गात नेलं. वह्या, फळा, सामन्यांची चित्रफीत, मिनिटामिनिटाला आखलेला सराव. डिसेंबर १९४५ मध्ये या नौदल संघाने बलाढ्य नोत्र दाम विद्यापीठाला ३९-७ असं धुतलं. अठरा वर्षांच्या ग्रँटने तिथे पाहिलं की थोडक्यात, नेमकं सांगितलं तर आरडाओरड करावी लागत नाही.

मग मिनेसोटा विद्यापीठ. तिथे पुन्हा तेच तीन खेळ, आणि तिन्हींत मिळून नऊ लेटर. उन्हाळ्यात हातखर्चासाठी तो मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या गावोगावच्या बेसबॉल संघांकडून पैसे घेऊन पिचिंग करायचा. त्या काळी गावागावांत रविवारच्या सामन्यांची चढाओढ असायची आणि चांगल्या पिचरला गावकरी वर्गणी काढून बोलावत. हे वाचताना आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांचे फड आठवल्यावाचून राहत नाहीत.

आता व्यावसायिक खेळ. ग्रँटला आधी घेतलं बास्केटबॉलच्या मिनियापोलिस लेकर्सने. आजचे लॉस एंजेलिस लेकर्स ते हेच. सरोवरांच्या राज्यातला संघ म्हणून 'लेकर्स', पुढे १९६० मध्ये संघ कॅलिफोर्नियाला गेला आणि नाव तेवढं उरलं. ग्रँट १९५० मध्ये अजिंक्य ठरलेल्या संघात होता. पण त्या संघाचा सूर्य होता जॉर्ज मायकन, सहा फूट दहा इंच उंचीचा, त्या काळातला सर्वश्रेष्ठ. दोन मोसमांत ग्रँटची सरासरी सामन्याला अडीच गुणांच्या आसपास. शाळेपासून ज्याच्याभोवती संघ उभे राहिले तो मुलगा आता बाकावर बसून दुसऱ्याचा खेळ पाहत होता. मी या दोन वर्षांना फार किंमत देतो. राखीव खेळाडूच्या मनात काय चालतं ते ज्याने स्वतः भोगलं आहे, तो प्रशिक्षक झाल्यावर संघातल्या चाळिसाव्या खेळाडूशीही वेगळं बोलतो.

फुटबॉलच्या फिलाडेल्फिया ईगल्सने १९५० च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिल्याच फेरीत उचललं होतं. १९५१ मध्ये तो तिकडे गेला. पहिल्या वर्षी बचावात खेळला; दुसऱ्या वर्षी त्याला आक्रमणात, पास झेलणाऱ्याच्या जागी उभं केलं, तर त्याने ५६ झेलांत ९९७ यार्ड काढले. त्या बाबतीत साऱ्या लीगमध्ये दुसरा. पगारावरून जमलं नाही. करारातली मुदत खेळून पुरी करायची आणि मोकळं व्हायचं, हा मार्ग एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये, त्याच्याआधी कुणी वापरला नव्हता. त्याने वापरला आणि विनिपेग ब्लू बॉम्बर्सची वाट धरली. तिथे चार मोसम खेळला, त्यांतल्या तीन मोसमांत पश्चिम विभागात सर्वाधिक पास त्यानेच झेलले. ऑक्टोबर १९५३ मध्ये सस्कॅचवानविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्याने समोरच्यांचे पाच पास अडवून पकडले. म्हणजे आक्रमणातला अव्वल झेलणारा बचावातही उभा होता, आणि समोरचा झेलणारा कुठे वळणार ते त्याला आधीच कळत होतं, कारण तो स्वतः तसाच वळायचा.

कॅनडाचा फुटबॉल थोडा निराळा. मैदान लांबरुंद, बारा खेळाडू, आणि प्रयत्न चारऐवजी तीन. संघात किती परदेशी, म्हणजे अमेरिकन, घ्यायचे याला मर्यादा. बाकीचे स्थानिक खेळाडू, आणि त्या काळी त्यांतले पुष्कळजण दिवसा नोकरी करून सरावाला येणारे. जानेवारी १९५७ मध्ये विनिपेगने ग्रँटला मुख्य प्रशिक्षक केलं तेव्हा तो २९ वर्षांचा होता. कालपर्यंत ज्यांच्यासोबत कपडे बदलले त्यांना आज संघात ठेवायचं किंवा काढायचं. हे काम त्याने कसं केलं, याबद्दल बोलायचं तर निकालांकडेच पाहावं लागतं : दहा मोसमांत सहा वेळा ग्रे कपची, म्हणजे कॅनडाच्या अजिंक्यपदाची, अंतिम फेरी, त्यांत चार विजय, १९५८, १९५९, १९६१ आणि १९६२. नियमित मोसमांतले १०२ विजय, ५६ पराभव.

त्या चारांतल्या दोन सामन्यांवर थांबायला हवं. १९६१ चा अंतिम सामना हॅमिल्टनविरुद्ध बरोबरीत सुटला आणि ग्रे कपच्या इतिहासात पहिल्यांदाच जादा वेळ खेळवावा लागला. केन प्लोन चेंडू घेऊन पळाला आणि विनिपेग २१-१४ ने जिंकलं. हा प्लोन क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. पण गरज पडली तेव्हा ग्रँटने त्याला बचावातही खेळवला होता. दोन्ही बाजू खेळलेला माणूस दडपणाखाली गोंधळत नाही, हा ग्रँटचा स्वानुभव होता, आणि इथे तो अनुभव कामाला आला.

१९६२ चा अंतिम सामना तर विलक्षणच. टोरंटोच्या मैदानावर सरोवरावरून धुकं आलं आणि इतकं दाटलं की प्रेक्षकांना खेळाडू दिसेनात, झेलायला उभ्या असलेल्यांना चेंडू दिसेना. शेवटच्या डावात ९ मिनिटं २९ सेकंद उरलेले असताना सामना थांबवला आणि दुसऱ्या दिवशी पुरा केला. विनिपेगकडे २८-२७ अशी एका गुणाची आघाडी होती. एका गुणावर रात्रभर झोपायचं आणि सकाळी उठून तोच गुण राखायचा. त्यांनी तो राखला. दुसऱ्या दिवशी कुणालाच गुण मिळाला नाही.

मिनेसोटाला नवा संघ मिळाला तेव्हा, १९६१ मध्येच, प्रशिक्षकपदासाठी ग्रँटला विचारलं गेलं होतं. तो आला नाही. १९६७ मध्ये मात्र आला. कॅनडात प्रतिस्पर्धी संघाचा कारभार पाहिलेला जिम फिंक्स आता मिनेसोटा व्हायकिंग्जचा महाव्यवस्थापक होता आणि त्याला ग्रँटची पारख होती. आधीचा प्रशिक्षक नॉर्म व्हॅन ब्रॉकलिन शीघ्रकोपी होता. त्याचं आणि क्वार्टरबॅक फ्रॅन टार्केंटनचं फाटलं होतं. टार्केंटन संघ सोडून गेला होता, पुढे १९७२ मध्ये ग्रँटच्या हाताखाली परत आला. पहिल्या मोसमात ग्रँटच्या पदरी फक्त तीन विजय पडले. दुसऱ्या मोसमात विभागाचं विजेतेपद. तिसऱ्यात, १९६९ मध्ये, चौदांपैकी बारा विजय आणि एनएफएलचं अजिंक्यपद. मिनेसोटाने त्याच्या हाताखाली एकूण अकरा वेळा विभाग जिंकला.

ब्लूमिंग्टनचं मेट्रोपॉलिटन स्टेडियम उघडं होतं. डिसेंबरात तिथे पारा शून्याखाली बराच खाली असायचा. कडेला हीटर ठेवायची सोय होती. ग्रँटने आपल्या संघाला ते वापरू दिले नाहीत. शेगडीजवळ उभ्या माणसाचं मन शेगडीत राहतं, सामन्यात राहत नाही, इतकाच त्याचा हिशेब. शिबिरात तो खेळाडूंकडून राष्ट्रगीताला उभं राहण्याची तालीमही करून घ्यायचा : ओळ सरळ, पाय जुळलेले, हालचाल नाही. धिप्पाड, तिशीतल्या पुरुषांना हे शाळकरी वाटलं असेल. पण सामन्याच्या पहिल्या मिनिटापासून एकत्र असण्याची सवय त्यातून लागते, आणि सवयीवरच त्याचा सगळा भर होता.

दुसरा भर टिकाऊपणावर. पोलिओतून उठलेल्या मुलाला रोज हजर राहण्याची किंमत ठाऊक असते. त्याच्या संघात जिम मार्शल होता, कारकिर्दीत सलग २८२ सामने खेळलेला. मिक टिंगेलहॉफ होता, ज्याला निवडीत कुणीही घेतलं नव्हतं आणि जो १७ मोसमांत एकही सामना न चुकवता मधल्या जागी उभा राहिला. मार्शल, कार्ल एलर, ॲलन पेज आणि गॅरी लार्सन या चौघांच्या बचावफळीचा त्या काळी एवढा धाक होता की जांभळ्या पोशाखावरून तिला 'पर्पल पीपल ईटर्स' म्हणत.

आणि सराव? इतर संघांच्या मानाने ग्रँटचं शिबिर उशिरा सुरू व्हायचं. रात्री दहापर्यंत कचेरीत बसून फिल्म बघणारा प्रशिक्षक हा त्या व्यवसायातला आदर्श मानला जात होता, आजही मानला जातो. ग्रँट संध्याकाळी घरी जायचा. सहा मुलं होती, शिकार होती, मासेमारी होती. त्याच्या मते थकलेला माणूस चुका करतो, आणि बहुतेक सामने समोरच्याच्या पराक्रमापेक्षा आपल्या चुकांनी हरले जातात.

इथे चार सुपर बाउलची, म्हणजे मोसमाचा अंतिम विजेता ठरवणाऱ्या सामन्यांची, गोष्ट येते आणि ती टाळता येणार नाही. जानेवारी १९७० मध्ये कॅन्सस सिटीकडून २३-७. १९७४ मध्ये मायामीकडून २४-७. १९७५ मध्ये पिट्सबर्गकडून १६-६. १९७७ मध्ये ओकलंडकडून ३२-१४. चारही सामन्यांत पूर्वार्धात मिनेसोटाच्या नावावर शून्य. पिट्सबर्गविरुद्ध तर चेंडू घेऊन पळताना अख्ख्या सामन्यात फक्त १७ यार्ड मिळाले. विजेत्यांच्या यादीत ज्याचं नाव नाही त्याला अमेरिकन क्रीडाविश्व सहजासहजी माफ करत नाही, आणि ग्रँटला ते वर्षानुवर्षं ऐकावं लागलं : याला जिंकण्याची भूकच नव्हती, हा फार शांत होता, संध्याकाळी घरी जाणाऱ्याला मोठा सामना जिंकता येत नाही.

या आरोपात काही तथ्य आहे का? थोडं आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. चुका टाळून जिंकायची रीत लांबच्या मोसमात चालते, कारण समोरचा कधी ना कधी चुकतोच. अंतिम सामन्यात समोरचा संघही तितकाच शिस्तीचा असतो, आणि तेव्हा काहीतरी धाडस लागतं, आधीच. चारही पूर्वार्धांतली शून्यं हेच सांगतात. पण त्याच रीतीने त्याला चारदा त्या मैदानापर्यंत नेलं, हेही विसरता येत नाही. आणि चौथ्या पराभवानंतरच्या वर्षीही तो तितक्याच शांतपणे शिबिरात आला. तिथे मला तो शाळेतला मुलगा दिसतो, ज्याच्या दृष्टीने फुटबॉलचा मोसम संपला की आयुष्यात दुसरं काही सुरू होत असे.

त्याच्या रीतीचा एक अप्रत्यक्ष पुरावा त्याच्या जाण्याने मिळाला. १९८३ च्या मोसमानंतर, ५६ व्या वर्षी, संघ हातात असताना तो निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या लेस स्टेकेलने लष्करी पद्धतीचं कडक शिबिर घेतलं. १९८४ मध्ये संघ तीन सामने जिंकला, तेरा हरला. ग्रँटला परत बोलावलं. १९८५ मध्ये सात विजय, नऊ पराभव, आणि मग तो कायमचा थांबला. एनएफएलच्या नियमित मोसमांतले एकूण विजय १५८. कॅनडाच्या फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोरांच्या मानाच्या दालनात, तो १९८३ मध्ये गेला होता, अमेरिकेच्या १९९४ मध्ये. दोन्हीकडे स्थान मिळवणारा तो पहिला. ११ मार्च २०२३ रोजी, ९५ व्या वर्षी, ब्लूमिंग्टनमध्ये त्याचं निधन झालं.

इतकं कौतुक केल्यावर दोन गोष्टी सांगणं माझं कर्तव्य आहे, कारण त्यांच्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही.

पहिली गोष्ट मासेमारीची. १८३७ च्या करारात मिनेसोटातल्या ओजिब्वे आदिवासींनी जमीन दिली, पण त्या भागात शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. १९९३ मध्ये राज्य सरकार आणि मिल लॅक्सचा ओजिब्वे समाज यांच्यात या हक्काबाबत तडजोड ठरली, तेव्हा ग्रँट तिच्याविरुद्ध उघडपणे उभा राहिला आणि आपल्या नावाचं सारं वजन त्याने त्यात घातलं. विधिमंडळाने तडजोड फेटाळली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, निकाल ओजिब्वेंच्या बाजूने लागला. ग्रँटचं सरोवरांवर प्रेम होतं यात शंका नाही. पण दिलेला शब्द पाळायचा असतो, आणि या बाबतीत तो चुकीच्या बाजूला होता असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट ॲलन पेजची, आणि ती मला जास्त टोचते, कारण ती थेट माझ्या मुद्द्याच्या आड येते. पेज हा १९७१ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. बचावफळीतल्या माणसाला हा मान त्याआधी कधी मिळाला नव्हता. खेळत असतानाच तो मिनेसोटा विद्यापीठात कायदा शिकत होता, आणि १९७८ मध्ये त्याने पदवी मिळवली. तो लांब पल्ल्याचं धावायला लागला होता. धावण्याने त्याचं वजन उतरलं. त्या वजनाला बचावफळीच्या मधोमध उभं राहणं जमणार नाही असं ठरवून, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मोसम चालू असताना, मिनेसोटाने त्याला सोडून दिलं. निर्णय ग्रँटचा होता.

प्रशिक्षकाला असे निर्णय घ्यावेच लागतात, हे मला मान्य आहे. पण एका अंगात दोन-तीन आयुष्यं मावतात, आणि एक दुसऱ्याच्या आड येतंच असं नाही, हे ज्याने स्वतः जगून दाखवलं होतं त्याला पेजमध्ये आपलीच वाट दिसायला हवी होती. शिकागो बेअर्सने पेजला घेतलं. तिथे तो १९८१ पर्यंत खेळला आणि कारकिर्दीतले सलग २१८ सामने पुरे करून, एकही न चुकवता, थांबला. टिकाऊपणा हा ग्रँटचाच निकष होता, आणि त्या निकषावर पेज शेवटच्या दिवसापर्यंत उतरला. १९८८ मध्ये, ग्रँटच्या सहा वर्षं आधी, तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. १९९३ मध्ये तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाला, आणि २०१५ पर्यंत त्या पदावर राहिला.